पातळ पत्र्यातील छिद्र आणि कर्तन प्रतिबलाचे गणित

एके काळी बसच्या वाहकाने तिकिटावर पंच दाबला, की कागदाची बारीक गोल टिकली खाली पडत असे. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात प्रेसवर पोलादी पत्र्याला छिद्र पाडले जाते, तेव्हाही घडते ते मूलतः हेच. वाढते ते केवळ बल. हे बल किती लागेल याचा हिशेब एका ओळीचा आहे. तरीही त्या ओळीत क्षेत्रफळ कोणते धरावे, येथेच अनेकांचा पाय घसरतो आणि चुकीची प्रेस निवडली जाते किंवा पंच तुटतो.

पत्रा डायवर ठेवलेला असतो आणि वरून पंच खाली येतो. पंचाची धार पत्र्याला खाली ढकलते, तर डायची धार त्याला खालून आधार देते. या दोन धारांमधील अरुंद पट्ट्यात पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. सरकण्याच्या पृष्ठाला समांतर असलेले बल भागिले त्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, म्हणजे कर्तन प्रतिबल. पदार्थ तुटेपर्यंत जे सर्वाधिक प्रतिबल सोसतो, ते त्याचे कर्तन सामर्थ्य.

आता प्रश्न असा, की तुटते ते पृष्ठ कोणते? छिद्रातून पडलेली चकती हातात घेऊन पाहावी. नाण्याप्रमाणे तिला दोन सपाट बाजू आणि एक कड असते. सपाट बाजू पत्र्यात आधीपासूनच होत्या. नव्याने निर्माण झाली ती केवळ कड. म्हणून क्षेत्रफळ घ्यायचे ते या कडेचे, म्हणजेच परीघ गुणिले जाडी. गोल छिद्रासाठी आवश्यक बल = पाय × व्यास × जाडी × कर्तन सामर्थ्य. छिद्र चौकोनी वा अन्य आकाराचे असल्यास परिघाच्या जागी त्याची परिमिती येते.

उदाहरणादाखल २ मि.मी. जाडीच्या सौम्य पोलादी पत्र्यात २० मि.मी. व्यासाचे छिद्र पाडायचे आहे असे समजू. या पोलादाचे कर्तन सामर्थ्य प्रति चौरस मि.मी. ३५० न्यूटन धरू. कडेचे क्षेत्रफळ सुमारे १२५.७ चौ. मि.मी. भरते आणि बल सुमारे ४४ किलोन्यूटन, म्हणजे कारखान्याच्या भाषेत साडेचार टन. धारा बोथट होतात हे ध्यानात घेऊन त्यावर २० ते ३० टक्के वाढ धरण्याचा प्रघात आहे.

हाच हिशेब छिद्राच्या गोल क्षेत्रफळावरून केला, तर उत्तर ११० किलोन्यूटन येते, म्हणजे अडीच पट. चुकीचे हे प्रमाण व्यास भागिले जाडीची चौपट असे निघते. त्यामुळे पत्रा जितका पातळ, तितकी चूक मोठी: अर्ध्या मि.मी.च्या पत्र्यात ती दहा पट होते. अशा वेळी फार तर नको तेवढी मोठी प्रेस घेतली जाईल. पण २ मि.मी. पत्र्यात ४ मि.मी.चे छिद्र असेल, तर तीच चूक उलट दिशेने जाते. खरे बल ८.८ किलोन्यूटन असताना उत्तर त्याच्या निम्मे येते. ही चूक अधिक धोक्याची होय.

गोल क्षेत्रफळाला या गणितात स्थानच नाही असे मात्र नाही. पत्रा जेवढे बल मागतो, तेवढेच पंचाला सोसावे लागते, आणि ते पसरते पंचाच्या गोल छेदावर. त्यामुळे पंचातील संपीडन प्रतिबल = ४ × कर्तन सामर्थ्य × जाडी ÷ व्यास. वरील २० मि.मी.च्या पंचावर ते केवळ १४० येते. पत्र्याच्या जाडीएवढ्याच व्यासाचा, म्हणजे २ मि.मी.चा पंच घेतला, तर ते १४०० वर जाते, १ मि.मी.चा घेतला, तर २८००, जे पाणी दिलेल्या हत्यारी पोलादालाही झेपणे कठीण. छिद्राचा व्यास पत्र्याच्या जाडीहून लहान नसावा, हा जुन्या कारागिरांचा नियम याच सूत्रातून निघतो.

पदार्थाचे सामर्थ्य ठाऊक नसेल, तर सूत्र उलटे वापरता येते. १ मि.मी. पत्र्यात १० मि.मी.चा पंच घालताना सर्वाधिक बल ६.३ किलोन्यूटन नोंदले गेले असे समजा. भागाकार सुमारे २०० न्यूटन प्रति चौ. मि.मी. येतो. मात्र ही सरासरी आहे, हे विसरू नये. धारेजवळ प्रत्यक्ष प्रतिबल पुष्कळ अधिक असते. शिवाय बल शिगेला पोहोचते तेव्हा पंच पत्र्यात काही अंशी शिरलेला असतो आणि उरलेली जाडी मूळ जाडीहून कमी असते. आपण भागतो ते मूळ जाडीने. तक्त्यांतील आकडेही याच संकेताने काढलेले असल्यामुळे व्यवहारात हिशेब जुळतो. घन पदार्थ दाबाखाली कसा वाहतो याचे प्रयोग फ्रेंच अभियंते आंरी त्रेस्का यांनी १८६० च्या दशकात केले. पदार्थ कधी कायमचा विकृत होऊ लागतो, याचा महत्तम कर्तन प्रतिबलावर आधारलेला निकष आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अतिशय पातळ पत्र्यात अडचण बलाची नसते, ती फटीची असते. पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूस जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट ठेवतात. २ मि.मी. पत्र्यात ५ टक्क्यांनी ती ०.१ मि.मी. होते आणि सहज सांभाळता येते. ०.१ मि.मी.च्या पितळी पत्र्यात तीच फट अवघी ५ मायक्रॉन उरते. मार्गदर्शक खांब किंचित झिजले, तरी पंच एका बाजूस डायवर घासतो आणि दुसऱ्या बाजूस पत्रा कापला न जाता आत दुमडतो. तेथे प्रतिबलाचे सूत्रच लागू पडत नाही, कारण कर्तनाऐवजी वाकणे आणि फाटणे सुरू झालेले असते. कडेला उभा राहिलेला बर बोटाला लागला, की हे कळते.

बल कमी करायचे असल्यास धारेला उतार देतात, म्हणजे संपूर्ण परीघ एकाच क्षणी कापला जात नाही. छिद्र हवे असून चकती टाकाऊ असेल, तर उतार पंचाला द्यावा; चकतीच हवी असेल, तर तो डायला द्यावा, म्हणजे चकती सपाट राहते.