नगरचा छोटा जपानी रणगाडा

शिरूर ही एके काळची लष्करी छावणी. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी पुण्याकडे निघाली ती इथूनच. दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. तिच्यासोबतचे घोडेस्वार पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून ओळखले गेले. विसाव्या शतकात घोडे गेले, रणगाडे आले.

असे जुने रणगाडे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. शिरूरहून नगर (आता अहिल्यानगर, पण आपल्या तोंडी नगरच) तास-दीड तासावर, दौंडकरांना मनमाडकडची गाडी. 1994 साली सुरू झालेल्या तिथल्या रणगाडा संग्रहालयात आपली सहल गेली तेव्हा सगळे पॅटनभोवती जमले होते. कोपऱ्यातल्या जपानी ‘हा-गो’कडे कोण बघणार!

टाइप 95 हा-गो, वजन साडेसात टनांच्या आत, माणसे तीन. ट्रकांच्या बरोबरीने धावावा म्हणून हलका केलेला, 120 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. बुरुजात एकटा कमांडर. त्यानेच शत्रू शोधायचा, 37 मिलिमीटरची तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची आणि चालकाला हुकूमही द्यायचे. आमच्या क्षेत्रात एकाच माणसावर इतकी कामे टाकली, तर प्रकल्प बुडणार हे पहिल्याच बैठकीत कळते.

तरी जानेवारी 1942 मध्ये मलायात स्लिम नदीपाशी जपानी रणगाडे, त्यांत हा-गोही, 11 व्या भारतीय डिव्हिजनला चिरत गेले. कारण साधे होते: आपल्या जवानांकडे रणगाडाच नव्हता. मलायाच्या जंगलात रणगाडे चालत नाहीत, असे वरच्यांनी धरून ठेवले होते. किंमत खाली खंदकात बसलेल्यांनी मोजली. मार्च 1944 मध्ये टामूजवळ याच हा-गोची गाठ ‘ली’ रणगाड्यांशी पडली आणि त्याचे पातळ पत्रे उघडे पडले.

किती पातळ, ते मला 1:35 प्रमाणाचे मॉडेल जोडताना समजले. खरे चिलखत जास्तीत जास्त 12 मिलिमीटर. 35 ने भागले तर 0.34, म्हणजे लग्नपत्रिकेचा कागद. प्लास्टिक इतके पातळ ओतणे अवघड. एक मिलिमीटरचा भाग धरला तरी तो 35 मिलिमीटरचे चिलखत झाला. माझे खेळणे खऱ्या गाड्यापेक्षा तिप्पट मजबूत!

मॉडेल जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचे आहे. संमेलनाला आणते. बुरूज मुद्दाम चिकटवलेला नाही. उचला आणि त्या एकट्या कमांडरची जागा बघा.