साखरेचा रॅम्प वॉक

कॉलेजच्या गॅदरिंगला एक आयटम हमखास असतो. जुन्या सीडींचा घागरा, पेपरचा गाऊन, वेफर्सच्या पाकिटांचं जॅकेट घालून पोरं-पोरी रॅम्पवर येतात. निवेदक "हटके कन्सेप्ट" म्हणतो, टाळ्या पडतात. टाळ्या रास्तच आहेत. पण हे खरंच इतकं नवं आहे का?

फॅशनवाल्यांचं याबाबतीत लाडकं साल म्हणजे १९६६. त्या वर्षी पॅरिसमध्ये पाको रबानने बारा ड्रेस दाखवले, तेही 'न घालता येण्यासारखे' असं स्वतःच जाहीर करून! हा बाबा शिकलेला वास्तुकला. प्लास्टिकच्या आणि धातूच्या चकत्या कड्यांनी जोडायच्या, सुई-दोऱ्याऐवजी पक्कड. त्याच साली अमेरिकेत स्कॉट कंपनीने जाहिरातीसाठी सव्वा डॉलरला कागदी ड्रेस विकले. यातले काही कपडे आज संग्रहालयांत आहेत.

आता आपल्याकडे या. नागापूर एमआयडीसीतून मनमाड रोडने राहुरीच्या पुढे निघालं की जानेवारीत ऊसच ऊस. याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. आणि ऐन गाळपात येते संक्रांत. म्हणजेच हलव्याचे दागिने!

विचार करा: काळी साडी, त्यावर पांढरीशुभ्र नथ, हार, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं साखरेचं. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावर मुकुट, हातात बासरी. घरभर बायका बघायला जमलेल्या. हा रॅम्प नाही तर काय?

आणि यातलं इंजिनिअरिंग बघा. परातीत तीळ, साबुदाणा किंवा खसखस, खाली मंद आच, वरून चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाक वाळतो, साखरेचे स्फटिक धरतात, थरावर थर चढून दाण्याला काटा फुटतो. घाई केली की गोळा होतो, हवा दमट असली की काटाच येत नाही. कोरडी थंडी हवीच. मग एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा, कारण भोक पाडायला गेलं तर तो फुटतो.

तरी पाको रबान इतिहासात आणि आपल्या आज्या-मावश्या नाहीत. का? धातू टिकतो, साखरेला मुंग्या लागतात. जे उरतं त्याचाच इतिहास होतो. शिवाय घरात बायकांनी केलेल्या कामाला 'कला' म्हणायची आपल्याला सवयच नाही. दागिने झाले, मिरवले, पोरांनी खाऊन टाकले, संपलं.

आता बरेचसे दागिने बाजारातून येतात, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्याला हरकत नाही, नोकरी सांभाळून परातीशी तासन् तास बसणार कोण? पण काटा कसा आणायचा हे ज्या हातांना माहीत आहे, ते हात म्हातारे होतायत. तेव्हा या संक्रांतीला घरात कोणी हलवा करणारं असेल तर मोबाईलवर शूट करा, पाकाचं प्रमाण लिहून घ्या, आणि खाली करणारीचं पूर्ण नाव टाका. दागिना टिकणार नाहीच, निदान नाव तरी टिकेल.