अक्राणीतील भरपाई : पंचांपासून लोकअदालतीपर्यंत

धडगाव हे सातपुड्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. या भिल्ल-पावरा मुलखात मारहाणीचे वा अपघाताचे प्रकरण आधी गावच्या पंचांपुढे येई. जखमीच्या घराला काय द्यायचे यावर घासाघीस होई; मिटले की दोन्ही बाजू एकत्र बसून मोहाची दारू घेत. कागद नसे, साक्षीला गाव असे.

घाटरस्त्यांवर जीपगाड्या धावू लागल्यावर भरपाईत विमा कंपनी हा तिसरा पक्ष आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद १९५६च्या दुरुस्तीने झाली होती. पण १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धडगावचा जिल्हा धुळेच होता; दाव्याची वाटही तिकडचीच. १९९४च्या दुरुस्तीने अर्जदाराला राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात दाद मागता येऊ लागली. मजुरीसाठी परमुलखात जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय.

खरी अडचण पिकअपची. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये आशा राणी खटल्यात ठरवले. त्यामुळे जखमी हा गाडीवरचा मजूर होता की नुसता प्रवासी, यावरच दावा अडतो आणि तडजोड फिसकटते.

वाद केवळ रकमेचा असेल तर लोकअदालत सोयीची. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार तिच्या निवाड्यावर अपील नाही. मात्र पंचांच्या बैठकांत फार काळ घालवणे आता महागात पडू शकते : १ एप्रिल २०२२पासून अपघातानंतर सहा महिन्यांतच दावा दाखल करण्याची मुदत लागू झाली.