फुटलेल्या गलबतांवरील स्वामित्व : १६७४ च्या वाटाघाटींतील एक कलम

समुद्रात बुडालेल्या संपत्तीवर हक्क कोणाचा, हा वाद आज बहुधा परदेशी न्यायालयांतून ऐकू येतो. परंतु कोकणच्या इतिहासात तो तीन शतकांपूर्वीच उपस्थित झालेला होता, आणि त्याचा धागा रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरशी जुळतो.

पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी १६६० मध्ये सिद्दी जौहरास साह्य केले. त्याचे शासन म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील वखार लुटविली. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर तहासाठी आला. राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होन देण्याचे महाराजांनी मान्य केले. मात्र वादळाने किनाऱ्यास लागून फुटलेली इंग्रजांची गलबते मालासह परत करावीत, या मागणीस त्यांनी हरकत घेतली. असा माल परत करणे कोकणच्या पूर्वापार रिवाजाविरुद्ध आहे. शिवाय इंग्रजांना ही सवलत दिल्यास फ्रेंच व डचही तीच मागतील, हे त्यांचे म्हणणे इंग्रजांच्याच कागदपत्रांत नमूद आहे.

या उत्तरात केवळ उत्पन्नाचा लोभ पाहणे सयुक्तिक होणार नाही. किनाऱ्यावर कायदा कोणाचा चालावा, हा त्यातील खरा मुद्दा होय. तथापि आपद्ग्रस्त व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा रिवाज कठोर होता, हेही नाकारता येत नाही. पुढील काळातील कायद्याने ते टोक सोडले. भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने मूळ मालकास एका वर्षाच्या आत हक्क शाबीत करून, खर्च भरून, माल परत घेण्याची मुभा दिली.

पण मूळ मालक कोणास म्हणावे? १८०४ मध्ये बुडालेल्या ‘मर्सिडीज’ या स्पॅनिश युद्धनौकेवरील नाणी २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने वर काढली. अमेरिकन न्यायालयांच्या निर्णयानुसार २०१२ मध्ये ती स्पेनला मिळाली. त्यांतील पुष्कळ नाणी लिमा येथे पाडलेली होती. तरी पेरूचा दावा मान्य झाला नाही. निशाण कोणाचे, एवढेच निर्णायक ठरले.

सारांश, किनारा, निशाण आणि धनाचे उगमस्थान असे हक्काचे तीन आधार संभवतात. रायगडावर पहिल्या दोहोंचा सामना झाला. वसाहतकालीन जहाजांच्या बाबतीत तिसराही विचारात घेतल्यावाचून ‘न्याय्य मालक’ हा शब्द वापरणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही.