परदेशी जोडीदाराचे नागरिकत्व व पूर्वीचा बेकायदा प्रवेश

भारतीय व्यक्तीशी विवाह केलेल्या परदेशी नागरिकाला नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५(१)(ग)नुसार, भारतात सात वर्षे सामान्य वास्तव्य झाल्यावर, नोंदणीने नागरिकत्व मागता येते. १९८६ च्या दुरुस्तीआधी ही सोय फक्त पत्नीला होती. उदाहरणार्थ, कर्जत तालुक्यातील कशेळे येथील जोडप्याचा अर्ज अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे जातो. त्याआधी प्रवेश व्हिसाची मुदत वाढवताना भारतीय जोडीदाराला हमीपत्र द्यावे लागते. सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि राहत्या घराचा पुरावा.

खरी अडचण सीमेवर झालेल्या चुकीची. वैध पासपोर्टाशिवाय आलेली किंवा मुदत उलटूनही राहिलेली व्यक्ती 'अवैध स्थलांतरित' ठरते आणि कलम ५ चा दरवाजा तिला बंद होतो. लग्न खरे असले, संसार वर्षानुवर्षांचा असला, तरी विवाहाने हा दोष धुतला जात नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेल्या, परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यात विनापरवाना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

याची सर्वांत जास्त झळ मुलांना बसते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असला, तरी दुसरा अवैध स्थलांतरित असल्यास त्याला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. कशेळ्यात जन्मून, तिथल्याच शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलालाही हाच नियम. ज्या चुकीत त्याचा काडीचाही वाटा नाही, तिची शिक्षा त्याला देणे अन्यायाचे आहे.