गळती गोडी की खारी?

आमचं सोलापूर समुद्रापासून लांब, त्यामुळे गळती म्हटलं की आठवतो तो पावसाळ्यातला स्लॅब. ओल बेडरूममध्ये, भेग भलतीकडेच! जुन्या शिडाच्या जहाजातही तेच. पाणी एका फटीतून शिरतं, आतल्या फासळ्यांवरून ओघळतं आणि तिसरीकडेच साठतं. मग काय, चाखून बघायचं. खारट लागलं तर फट खाली, समुद्राच्या बाजूला. गोडं लागलं तर पाऊस, म्हणजे डेक गळतोय. आणि गंमत म्हणजे गोडं पाणीच जास्त वाईट, कारण त्याने लाकडाला बुरशी लागते. मीठ तिला आवरतं. ब्रिटिशांचं 'क्वीन शार्लट' १८१० मध्ये पाण्यात उतरलं आणि लढाईवर जायच्या आधीच कुजलं!

जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत 'ट्रिंकोमाली' बांधली ती सागवानात. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, भोकं सैल होतात, तिथूनच पाणी झिरपतं. सागात मात्र तेल असतं, त्यामुळे खिळाही टिकतो आणि लाकूडही.

१८१७ ची ही फ्रिगेट इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. १९९० ते २००१ तिची डागडुजी चालली, पण मुंबईचा बराचसा साग अजून तोच आहे.