वेताळ टेकडी

पुणे शहराच्या मध्यवर्ती भागातील सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून उंची सु. ८०० मी.; भोवतालच्या शहरापेक्षा सु. २४० मी. जास्त. पूर्वेस विधी महाविद्यालय व गोखलेनगर, दक्षिणेस कोथरूड, पश्चिम-उत्तरेस पंचवटी व पाषाण. एक सोंड चतुःशृंगीकडे उतरते. माथ्यावरच्या वेताळाच्या देवळावरून नाव पडले.

टेकडी दख्खनच्या लाव्ह्याची, सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. एकावर एक साचलेल्या थरांमुळे माथा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे. वायूच्या पोकळ्या असलेला, झिजून ठिसूळ झालेला खडक आणि त्यातल्या भेगा पावसाचे पाणी आत घेतात. पायथ्याच्या विहिरींना हेच पाणी मिळते. बांधकामाच्या दगडासाठी फोडलेली माथ्याजवळची खाण पावसाळ्यात भरते.

मूळ निसर्ग गवताळ माळाचा आणि विरळ पानझडी झाडांचा: मोई, सालई, मेडशिंग, बोर. मोर नेहमी दिसतात. चैत्र-वैशाखात टेकडी करपलेली दिसते, म्हणून तिला उजाड समजून हिरवे करण्याचे प्रयत्न झाले आणि गिरिपुष्पाची सरसकट लागवड झाली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे. त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही आणि गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. टेकडीचे हे मोठे नुकसान चांगल्या हेतूने झाले आहे.

पुणे परिसराच्या निसर्गाचा पद्धतशीर अभ्यास कर्नल साइक्स याच्यापासून धरता येतो. मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून तो दख्खनभर फिरला. १८३२ मध्ये त्याने येथील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माळांवरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याचेच नाव आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. १९४६ मध्ये स्थापन झालेली, पुढे शं. पु. आघारकरांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली संशोधनसंस्था तर टेकडीच्या पायथ्याजवळच आहे. आज मात्र टेकडीची सर्वांत बारीक माहिती रोज पहाटे चढणाऱ्या पुणेकरांकडे आहे. कोणत्या ओहोळात कोणते फूल कधी येते, हे ते सांगू शकतात.

टेकडीवर आखलेला बालभारती–पौड फाटा रस्ता आणि तिच्या पोटातून पंचवटी, सुतारदरा व गोखलेनगर यांना जोडणारे बोगदे या योजनांना नागरिकांचा विरोध आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी मोठा मोर्चा निघाला. गर्दीच्या वेळची वाहतूक हा योजनेमागचा खरा प्रश्न आहे. पण खोदकामाने भेगांमधून मुरणाऱ्या पाण्याच्या वाटा बदलल्या, तर त्या पूर्ववत करण्याचा उपाय नाही.